प्रधानजींची भाऊबीज

परमुलखातली लढाई तिसऱ्या वर्षात शिरली, तरी फौज माघारी बोलवावी की नाही यावर दरबारात नुसता काथ्याकूट चालला होता. प्रधान त्र्यंबकपंत दर वेळी मिशीला पीळ देऊन म्हणत, "माघार घेतली तर राज्याचं नाक कापलं जाईल!"

भाऊबीजेला सगुणा निरांजनाचं ताट घेऊन दरबारात आली. आईबाप नसलेल्या त्या पोरीचा एकुलता एक भाऊ मोहिमेवर होता. दोन भाऊबिजा तिनं चंद्राला ओवाळून काढल्या होत्या.

"महाराज, माझा भाऊ परत आणा," ती म्हणाली.

महाराजांनी मान खाली घातली. पंत मात्र तोऱ्यात पुढं झाले. "एवढंच ना? आजपासून मीच तुझा भाऊ. ओवाळ मला आणि हवी ती ओवाळणी माग!"

सगुणानं टिळा लावला, मन लावून ओवाळलं. मग म्हणाली, "दादा, घरटी एक माणूस लढाईवर, हा तुमचाच हुकूम. आपला धाकटा दोन वर्षं तिथं आहे. आता तुम्ही जा आणि त्याला घरी धाडा."

पंतांचा हात टिळा पुसायला कपाळाकडं गेला.

"टिळा राहू द्या, पंत," महाराज म्हणाले. "घोडा आणवू?"

"महाराज," पंत चाचरत म्हणाले, "वेळीच माघार घेण्यातही शहाणपण असतं."

त्याच दुपारी फौजेला परतीचा हुकूम सुटला.

संध्याकाळी सगुणा एकटीच अंगणात आली. भाऊ जिवंत आहे की नाही, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. बीजेच्या कोरीला ओवाळून ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तुला ओवाळायची वेळ येऊ नये, एवढीच ओवाळणी दे."