पुढच्या दारासमोरची जागा

एकदा एक निवृत्त स्टेशनमास्तर जपानमधल्या एका डोंगराळ गावात राहत होते. नाव तोकुजी, वय ऐंशी. तिथल्या चिमुकल्या स्थानकावर आता एकही कर्मचारी उरला नव्हता. गाडी एकाच डब्याची, तिकिटंही चालकच घ्यायचा. म्हणून रीत अशी, की चढायचं मागच्या दारानं आणि उतरायचं पुढच्या, चालकाजवळच्या दारानं.

फलाटावरचं बर्फ काढायचं काम मास्तरांनी हेइकिचीला शिकवलं होतं. हा साठीतला सुतार. हात मोठा सफाईदार, आणि त्याचा तोराही थोडा होताच. गावकरी सकाळच्या गाडीनं बाजाराला जात आणि दुपारच्या बसनं परतत, म्हणून मागच्या दारासमोरची जागा तो अशी लख्ख करी, की बघत राहावं!

एके सकाळी त्याचं काम आटोपलं, तोच मास्तर आले आणि फलाटाच्या पुढच्या टोकाचा ढीग बादलीनं उपसू लागले.

‘अहो मास्तर, या वयात हे काय आरंभलंत?’ हेइकिची वैतागला. ‘ते बर्फ मीच तिथं लोटलंय. दोन हिवाळे झाले, इथं चिटपाखरू उतरलेलं नाही.’

‘काल एकजण उतरणार होती,’ मास्तर धापा टाकत म्हणाले. ‘चालकानं सांगितलं. दार उघडलं, तर समोर कमरेएवढा ढीग. तो म्हणाला, मागच्या दारानं उतरा. ती म्हणाली, राहू द्या. आणि तशीच पुढं गेली. तुझी सायो होती ती.’

सायो म्हणजे हेइकिचीची एकुलती लेक, दोन वर्षांपूर्वी भांडून गेलेली. ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस,’ हे शब्द त्याचेच. तेव्हापासून तो गाडी यायच्या आधीच घर गाठायचा. कुणी उतरतंय का, हे बघणंच त्याला नको वाटे. आता मात्र त्याच्या हातातलं फावडं गळून पडलं.

मास्तर हळूच म्हणाले, ‘जाणारा डोळ्यांसमोर असतो रे, म्हणून त्याची वाट आपण साफ करतो. येणारा दिसत नाही. मग आपली सगळी अडगळ त्याच्याच वाटेत जाते. मुद्दाम नाही, पण जाते. आणि परतणारा माणूस मुळातच कचरत असतो. त्याला मागं फिरायला एवढंसं निमित्त पुरतं.’

हेइकिचीनं बादली त्यांच्या हातून घेतली. खालचं काँक्रीट दिसेपर्यंत तो थांबला नाही, आणि त्या दिवशी घरीही गेला नाही.

गाडी आली. पुढचं दार उघडलं. उतरलं कुणीच नाही. त्यानं टोपी काढली, कमरेतून वाकला आणि चालकाला म्हणाला, ‘ती पुन्हा दिसली तर सांगाल? म्हणावं, ढीग बापानंच घातला होता. बापानंच काढलाय.’