पुसलेलं उत्तर

एकदा एका वृद्ध गुरुजींनी बरोबर उत्तर पुसून टाकलं. चुकीचं नव्हे, बरोबर. आणि तेही दोनदा.

गुरुजी निवृत्त होते. त्यांचा शिष्य दहावी राहून गेलेल्या मोठ्या माणसांसाठी मोबाइलवर वर्ग चालवत असे. संध्याकाळी तासभर पडद्यावर शिकवणं, आणि उरलेला दिवस व्हॉट्सॲपचा ग्रुप. ग्रुप गुरुजींनीच सुरू करून दिलेला, म्हणून ॲडमिन दोघेही होते. शिष्य मेहनती. प्रश्न आला की एका मिनिटात उत्तर, आकृतीसकट, तीन रंगांत. लोक खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकत आणि गप्प होत. जूनमध्ये सेहेचाळीस जण होते. दिवाळी होईपर्यंत एकोणीस उरले. गेलेल्यांपैकी भांडून कोणीच गेलं नाही. भांडायलाही आधी ओळख लागते.

उरलेल्यांत मालन होती, दवाखान्यात आया. दहावी झाली तर नोकरी कायम होणार होती, नाहीतर तिच्या जागी दुसरी येणार. परीक्षेला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा होता. बुधवारी सकाळी तिने ग्रुपवर लिहिलं, "कर्णाचा वर्ग म्हणजे काय ते चार वेळा व्हिडिओ बघूनही कळलं नाही. आजही नाही कळलं तर मी फॉर्म भरत नाही."

शिष्याने लगेच उत्तर टाकलं. मालनने वाचण्याआधीच ते पुसलं गेलं. त्याने परत टाकलं. परत पुसलं गेलं. तो तडक गुरुजींच्या घरी पोचला. गुरुजी ओट्यावर चटई टाकून पावटे सोलत बसले होते.

"गुरुजी, बोट चुकून लागलं का?"

"दोनदा चुकून लागत नाही."

"मग हा काय खेळ लावलाय? परीक्षा तुमची नाही, तिची आहे. तुमची पेन्शन चालू आहे."

"खरं आहे," गुरुजी म्हणाले. "बस. फोन खाली ठेव आणि शेंगा घे."

शिष्य बसला, पण राग धरूनच. फोन दोघांच्या मध्ये चटईवर पडला होता. अर्धा तास काहीच झालं नाही. मग मालनचा मेसेज आला, "सर, उत्तर पुसलेलं दिसतंय." शिष्याचा हात फोनकडे गेला. गुरुजींनी त्या हातात मूठभर शेंगा दिल्या.

पुढचा मेसेज एका रिक्षावाल्याचा होता. "मालनताई, माझं पण तिथंच अडलंय. लाजेनं विचारलं नाही." त्याखाली कोणीतरी लिहिलं, "मला पण." टोपली रिकामी होईपर्यंत असे सात झाले. शिष्य ती सात नावं बघत राहिला. या सातही जणांनी त्याला हात जोडले होते.

मग सोपान गवंड्याचा आवाजी मेसेज आला. मागे मिक्सर घरघरत होता. पाच महिन्यांत हा माणूस ग्रुपवर एक शब्द बोलला नव्हता.

"ताई, खोलीचा पाया आखताना आम्ही कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला चार. त्या दोन टोकांमधली तिरकी दोरी पाच भरली की कोपरा काटकोनात. नाही भरली तर मालक आमचा उद्धार करतो. ती तिरकी दोरी म्हणजे तुमचा कर्ण. आता तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा. करा बेरीज."

"पंचवीस," मालनने लिहिलं. "पाच पंचे पंचवीस." थोड्या वेळाने तिचा फोटो आला. वॉर्डाच्या कोपऱ्यात तीन फरश्या आणि चार फरश्या, आणि मध्ये तिरकी ताणलेली बँडेजची पट्टी. खाली लिहिलं होतं, "पाच फरश्या भरली. सिस्टर ओरडली, पण भरली."

शिष्याला हसू आलं. गुरुजी मात्र हसले नाहीत.

"तुझं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "मीही एकतीस वर्षं बरोबर उत्तरं दिली. पोरं शाळा सोडून जात, आणि मी म्हणायचो, त्यांच्यात दम नव्हता. हा सोपान आठवीत माझ्याच वर्गातून शाळा सोडून गेला. माझ्या वर्गात सगळे माझ्याकडे तोंड करून बसत; एकमेकांकडे बघितलं की छडी. लहान मुलांना धाकाने तसं बसवता येतं. मोठा माणूस कामावरून दमून येतो, आणि त्याला वाटतं, न कळणारा मी एकटाच. मग तो निमूट निघून जातो. तू एका मिनिटात उत्तर देतोस, तेव्हा शेजारच्याला तोंड उघडायला जागा राहत नाही."

"मग मी काय करायचं? पावटे सोलायचे?"

"सकाळचा प्रश्न संध्याकाळपर्यंत राहू द्यायचा. तोवर कोणी बोललं नाही, किंवा चुकीचं बोललं, तर तू आहेसच."

शनिवारी मालनने फॉर्म भरल्याची पावती ग्रुपवर टाकली. पाठोपाठ तिचा आवाज आला. "गुरुजी, पुसलं तुम्हीच ना? सरांनी सांगितलं. पुढच्या वेळी आधी बोला. अर्धा तास मला वाटलं, मला ग्रुपातून काढताय."

गुरुजींनी चष्मा पुसला. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "चुकलं माझं, ताई."

त्याखाली पहिला मेसेज सोपानचा होता. "गुरुजी, हे एकोणतीस वर्षांनी ऐकलं. बरं वाटलं."

कोणी वर्ग सोडून गेलं की 'दम नव्हता' म्हणून मोकळं होणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, त्या वर्गात त्याच्याशी बोलत कोण होतं?