माहेरचा ओंडका

फार फार जुनी गोष्ट, बाळांनो. रानाच्या कडेला सात घरांची एक वाडी होती, तेव्हाची. त्या मुलखात लेकीला सोनं देत नसत, अळंबीचा ओंडका देत. आईच्या ओंडक्याचा वीतभर तुकडा लेक सासरी नेई आणि नव्या लाकडाला टेकवून ठेवी. त्याचे पांढरे तंतू त्या लाकडात पसरत, आणि पाऊस सरता सरता अळंबी उगवे.

ठकाईनं आपला तुकडा या वाडीत आणला तेव्हा ती कोवळी पोर होती. पदराखाली धरून चार ओढे ओलांडले होते तिनं. आता तिचे डोळे गेले होते. तरी रोज सकाळी ती ओंडका ठेवलेल्या खोपीत जाई, ओंडक्यावरून हात फिरवी. ओल्या लाकडाचा वास आला की तिला आईचं हिरवं लुगडं दिसे, आईनं खोपीच्या कुडाच्या भिंतीत ठेवलेलं तळहाताएवढं भोक दिसे, त्यातून येणारा कवडसा दिसे. तसंच भोक तिनं इथल्या कुडातही ठेवलं होतं.

त्या साली नात सगुणीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की हिचा बार. आणि नेमकी ठकाई तापानं पंधरवडाभर अंथरुणाला खिळली.

तिचा लेक म्हादू म्हणाला, "यंदा अळंबी भरपूर हवी. त्या भोकातून कोंबड्या शिरतात नि कळ्या टोचतात. अळंबी तर अंधाराची जात, तिला उजेड कशाला?" त्यानं सगळा कूड शेणामातीनं जाड लिंपला. दाराला घोंगडी टांगली.

अळंबी उगवली खरी, पण कशी? लांबच लांब, पांढरीफटक, काडीसारखी. एकीलाही छत्री नाही. शेजारी हसले, "म्हादू, अळंबी लावलीस की शेवया वाळत घातल्यास?"

म्हादू ओशाळला. "आये, ओंडका वांझ झाला. चुलीत घालतो."

सगुणी हळूच म्हणाली, "म्हणजे मी सासरी रिकाम्या ओटीनं जायचं, आज्जे?"

ठकाई काठी टेकत उठली. "माझ्या आईचा हात आहे त्यात. आधी मला ने तिथं."

खोपीत तिनं ते देठ चाचपले. मग हात कुडाकडे नेला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. "म्हादू, रोज इथं माझ्या गालावर ऊन पडायचं. कुठं गेलं ते?"

"बुजवलं. आंधळ्या अळंबीला काय दिसतंय, आये?"

"मला तरी काय दिसतंय रे? पण सकाळ झालेली कळते ना! अंधारात ती वाटच शोधत बसली, म्हणून लांबली बिचारी. उजेड लागला की तिला कळतं, आता बाहेर आले, आता छत्री उघडावी."

तिनं काठीच्या टोकानं तिथलं लिंपण फोडलं. तळहाताएवढा कवडसा ओंडक्यावर पडला. सगुणीनं भोकाला करवंदीच्या काट्यांची जाळी लावली, कोंबड्या शिरू नयेत म्हणून.

जुने देठ सुकले. पण आठव्या दिवशी त्यांच्या बुडाशी नव्या कळ्या आल्या. आखूड देठाच्या, राखी रंगाच्या, आणि साऱ्या भोकाकडे तोंड केलेल्या. दहाव्या दिवशी ठकाईनं हात फिरवला तर बोटांखाली छत्र्याच छत्र्या.

म्हादू खाली मान घालून म्हणाला, "आये, मी जपायलाच गेलो होतो गं."

"ठाऊक आहे रे. माझी आई पण जपायचीच. पण भोक ठेवून."

लग्नानंतर सगुणी निघाली, पदराखाली वीतभर तुकडा धरून. ठकाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "घर लिंपशील तेव्हा हाताएवढी जागा सोड, पोरी." सगुणीनं सोडली. तिच्या लेकीनंही सोडली. म्हणून तो ओंडका अजून फुलतो म्हणतात.

जीव लावावा, जपावंही, पण उजेडापुरती वाट ठेवून. कोंडलेलं जगतं, फुलत नाही.