अंजनाचं रोप कामात आहे

जिथे ऊन सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं, अशी एक टेकडी होती. तिचं नाव बोडकी. तिच्यावर एकच झाड होतं, अंजनाचं. पण काय झाड होतं ते! त्याची पानं जोडीजोडीने यायची, चिमुकल्या फुलपाखराने पंख पसरावेत तशी. कोवळी असताना तांबूस, मोठी झाली की हिरवी. वारा आला की झाडभर बसलेली हजार फुलपाखरं एकदम फडफडत.

झाडाजवळ एक झोपडी होती. तिथे केसर नावाची छोटी मुलगी आणि तिची माय राहायची. छाटलेल्या फांद्यांची साल काढून माय तिचे दोर वळायची. दोर वळून वळून तिचे तळहात सालीसारखेच खरबरीत झाले होते. घरात कधी भाकरी असायची तर चटणी नसायची, कधी चटणी असायची तर भाकरी नसायची. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला टेकडीवर मजा यायची. गावातल्या माहेरवाशिणी हिरव्या, जांभळ्या, पिवळ्याधमक साड्या नेसून येत, मायने वळलेले दोर अंजनाच्या फांद्यांना बांधत आणि उंच उंच झोके घेत गाणी म्हणत. मायलेकींनी झाड राखायचं आणि त्याबदल्यात टेकडीवर राहायचं, असं गावाने ठरवून दिलं होतं.

आणि एका वर्षी आखाजी होऊन गेल्यावर असं वादळ आलं, की ते म्हातारं झाड कडाडकन मोडून आडवं झालं. उरला फक्त बुंधा.

गावातले सगळ्यात वडीलधारे होते नथूबाबा. त्यांना उन्हाचा कंटाळा आला होता, माश्यांचा कंटाळा आला होता आणि आपल्या शेळ्यांचा तर फारच कंटाळा आला होता. ते कपाळावरचा घाम पुसत वर आले.

"झाड नाही, तर राखण कसली? इथं आता शेळ्यांचा गोठा घालू," ते म्हणाले.

"बाबा, झाडाचं बी पडलंय," माय हात जोडून म्हणाली. "उगवेल."

"या दगडात? बरं. पुढच्या आखाजीला जिवंत रोप दाखव. नाही दाखवलंस, तर झोपडी उचलायची. मग माझ्या नावानं रडायचं नाही."

अंजनाच्या बीला एकच पातळ पंख असतो, कागदासारखा. असंच एक बी भिरभिरत येऊन बुंध्याजवळ पडलं होतं. पावसाळ्यात ते रुजलं. मातीतून एक इवलीशी काडी वर आली आणि काडीवर पिटुकल्या पानांची पहिली जोडी उघडली. केसरने आनंदाने स्वतःभोवती इतक्या गिरक्या घेतल्या, की ती धपकन खाली बसली.

हिवाळाभर सगळं छान होतं. पण होळीच्या सुमारास रोपाची पानं पिवळी पडू लागली. आज एक गळालं, उद्या दुसरं. केसर आपल्या वाटणीच्या पाण्यातलं अर्धं पाणी त्याला घालायची आणि स्वतः कोरड्या ओठांनी बसायची. तरी पान गळायचंच. शेवटी एका रणरणत्या दुपारी तिचा धीर सुटला. ती बुंध्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली.

"कोण आहे ते?" बुंध्याच्या ढोलीतून एक बारीक, वैतागलेला आवाज आला. "भर दुपारी कोण रडतं? दुपारी पानं मिटतात, पाखरं झोपतात, मुंगीसुद्धा घरी बसते. आणि ही बाई रडते!"

ढोलीतून वीतभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचा झगा कोवळ्या पानांच्या तांबूस रंगाचा होता. केसांत सोनेरी धुळीचे कण लुकलुकत होते. पाठीवरचे दोन हिरवे पंख मात्र नमस्काराला हात जोडावेत तसे घट्ट मिटलेले होते, कारण ऊन फार होतं.

केसर डोळे पुसत म्हणाली, "परीमावशी, तू इथं राहतेस?"

"मावशी म्हणू नकोस. मी परी आहे."

"मग काय म्हणू?"

परीने थोडा विचार केला. "मावशीच म्हण. राहते म्हणजे काय, पडून राहते. माझा मोठा वाडा होता, हजार पानांचा. आता ही ढोली, वाळवीसकट! तू का रडतेस?"

केसरने सगळं सांगितलं. स्वतःच्या तोंडचं पाणी तिने रोपाला घातलं हे ऐकून परीचा आवाज जरासा मऊ झाला.

"तीन इच्छा देते," ती म्हणाली. "पण नियम आहेत, नीट ऐक. पाऊस मागायचा नाही, ते ढगांचं काम आहे, ते माझं ऐकत नाहीत. दुसरं, माझी देणगी एक पंधरवडा टिकते, मग विरून जाते. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ज्याच्यासाठी मागायचं, त्याला आधी विचारायचं."

"म्हणजे रोपाला विचारायचं?" केसरला हसूच आलं. "त्यात काय विचारायचं, मावशी? पानं गळतात तर त्याला पानंच हवी असणार. मोठ्ठी, हिरवीगार पानं दे!"

"अगं, विचार आधी—"

"दे ना गं, लवकर!"

परीने कपाळावर हात मारला. पण दिलेला शब्द तिला मोडता येत नव्हता. तिने आपली चमचमती छडी हवेत फिरवली आणि हिरव्या चांदण्यांचा सडा पडला. बघता बघता त्या बोटभर रोपावर पळसाच्या पानाएवढी लांबरुंद, तकतकीत पानं डोलू लागली.

टेकडीखालून पहिली 'बें' ऐकू आली, ती नथूबाबांच्या शेळ्यांची. इतकं हिरवं त्यांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. केसर काठी घेऊन दिवसभर त्यांना हाकलू लागली. "हट्! जा!" करता करता तिचा घसा बसला. आणि रोप? एवढी मोठी पानं, आणि प्रत्येक पानाला तहान. पानं पाणी ओढायची आणि ऊन पानांतलं पाणी ओढायचं. बिचारी काडी थरथर कापायची. पंधरवडा संपला तेव्हा पानं फाटक्या कागदासारखी गळून पडली. आधी रोप नुसतं पिवळं होतं, आता ते मलूल झालं.

"काय म्हटलं होतं मी?" परी ढोलीच्या तोंडाशी पाय हलवत बसली होती. "विचार, म्हटलं होतं!"

"पण मी त्याच्या भल्यासाठीच केलं!" केसर चिडून म्हणाली. "ते बोलतं तरी का? नुसतं मरायला टेकतं! आता कळलं मला. पाणी हवंय त्याला. कधी न संपणारी घागर दे."

"विचारलंस?"

"तहानलेल्याला पाणी हवं का, असं कुणी विचारतं का गं?"

"देवा रे देवा," परी म्हणाली, आणि तिने छडी फिरवली.

निळ्या मण्यांनी झगमगणारी एक घागर उभी राहिली. कितीही ओता, भरलेलीच! माय पोटभर पाणी प्यायली, चिमण्या त्यात नाहल्या. केसर सकाळी पाणी घालायची, दुपारी घालायची, संध्याकाळी घालायची. रोपाभोवती चिखल झाला, चिखलात बेडूक आला. काडी पुन्हा हिरवी दिसू लागली, तेव्हा केसर परीला वाकुल्या दाखवायलासुद्धा विसरली नाही.

पण जमिनीखाली काय चाललं होतं, ते तिला कुठे दिसत होतं? खाली खाली निघालेलं मूळ पाण्याच्या ओढीने परत वर आलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी लाडोबा बसावा तसं ते वरच्या चिखलात वेटोळं घालून बसलं होतं.

पंधरवडा संपला. निळे मणी एकेक करून विझले आणि घागर हवेत विरून गेली. दोन दिवसांत चिखल फुटून त्याची ढेकळं झाली. वरची माती तव्यासारखी तापली. आणि काडी शेंड्यापासून खालपर्यंत कडकडीत वाळली. तपकिरी. ठार.

आता परी ओरडली नाही. तिने फक्त पाठ फिरवली. केसरला तेच जास्त लागलं.

त्यानंतर कितीतरी दिवस केसर रोपाकडे गेलीच नाही. बघितलं की रडू यायचं, आणि रडण्याचाही तिला कंटाळा आला होता. आखाजीच्या आदल्या सकाळी माय मुकाट्याने भांडी पोत्यात भरू लागली. ते पाहून केसर उठली. एक इच्छा शिल्लक होती. 'उद्यापुरतं हिरवं कर,' असं म्हणायचं ठरवून ती बुंध्याकडे गेली. नथूबाबा बघतील, हो म्हणतील, आणि मग पंधरवड्यानंतर...

पंधरवड्यानंतर काय, ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

ती रोपाशेजारी मातीत बसली. कान अगदी काडीला लावला. आणि जरा लाजत, अगदी हळू तिने विचारलं, "ए... तुला काय हवंय?"

"अखेर!" जमिनीच्या खूप खालून एक किरटा आवाज आला. "अखेर विचारलंस! काय हवंय म्हणून विचारतेस? मला काम करू दे! मी कामात आहे!"

केसर दचकली. "तू... मेलं नाहीस?"

"मरतोय कशाला? पानं मीच टाकली होती. घरात पाणी कमी असलं की पाहुणे ठेवून घेतात का? पानं म्हणजे नुसते पाहुणे, बसून पितात. तू मात्र आणखी जाडजूड पाहुणे आणून बसवलेस! मग आली तुझी घागर. मी चांगला खाली चाललो होतो, ओल शोधत. वर एवढं पाणी पाहून मला मोह पडला आणि मी वर आलो. चूक माझीपण आहे. मग घागर गेली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू! वरची काडी सोडून दिली. तिला खायला घालत बसलो असतो, तर दोघंही गेलो असतो. आता एका दगडाला फट सापडली आहे, अन् तुला आत्ताच गप्पा मारायच्या आहेत!"

केसरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. "चुकलं माझं. पण खरंच, काही हवं का?"

आवाज जरा नरमला. "शेळ्या दूर ठेव. आणि दुपारची थोडी सावली. बस."

त्याला इच्छा कशाला खर्चायची? केसरने मायला हाक मारली. दोघींनी बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि फुटक्या मडक्याचं खापर उन्हाच्या बाजूला उभं केलं. केसरचे हात काट्यांनी ओरबाडले, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिला वैताग आला नाही. ढोलीतून परी हळूच बघत होती. तिचे मिटलेले पंख किंचित उघडले.

दुसऱ्या दिवशी आखाजी. झोक्यासाठी झाड नव्हतं, म्हणून बायकांनी दांड्या वर करून बैलगाड्या उभ्या केल्या होत्या आणि त्यांना दोर बांधले होते. नथूबाबा कुंपणापाशी आले. त्यांनी वाकून पाहिलं.

"ही काडी?"

"हो, बाबा. जिवंत आहे ते."

"पोरी, माझ्या दात कोरायच्या काडीत याच्यापेक्षा जास्त जीव आहे!" बायका हसल्या. "एवढ्या काडीसाठी एवढं कुंपण! थांब, उपटूनच दाखवतो."

त्यांनी काटे बाजूला सारले आणि काडी धरून ओढली. ती आली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. तरी आली नाही. नथूबाबांचा हात सुटला आणि ते तापल्या मातीत फतकल मारून बसले.

"दगडात अडकलीय!" ते तांबडेलाल होऊन ओरडले. "कुदळ आणा रे कुणीतरी!"

"थांबा, बाबा! थोडंच थांबा!" केसर पालथी पडून काडीशी कुजबुजू लागली. बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. 'उन्हानं पोरीचं डोकं फिरलं,' कुणीतरी म्हणालं. पण केसर विचारत होती, "तुझं काम सगळ्यांना दाखवू का? तुझी हरकत नसली तर."

खालून दबका आवाज आला, "मला लाज वाटते. पण दाखव. क्षणभरच हं."

"परीमावशी," केसर उठून म्हणाली, "मी विचारलंय. माती क्षणभर पाण्यासारखी नितळ कर."

आणि ढोलीतून परी वर उडाली. भर दुपारी, भर उन्हात तिने आपले दोन्ही पंख पूर्ण उघडले! तांबूस, हिरवी, सोनेरी किरणं टेकडीवर सांडली, आणि पायाखालची जमीन झऱ्यासारखी आरपार दिसू लागली. बायकांनी घाबरून एकमेकींचे हात धरले. मग सगळ्या वाकून बघू लागल्या.

त्या कडकडीत वाळक्या काडीखाली एक मूळ होतं, सोन्याच्या दोऱ्यासारखं. ते तांबड्या मुरुमातून खाली गेलं होतं. काळ्या पाषाणाला वळसा घालून, त्याच्या बारीक फटीतून अंग चोरत, मायच्या सगळ्यात लांब दोरापेक्षाही खोल गेलं होतं. अगदी तळाशी, गार निळ्या अंधारात, ओलीचा एक थेंब चमकत होता. आणि मुळाचं पांढरं, नाजूक टोक कणाकणाने त्याच्याकडे सरकत होतं.

नथूबाबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग ती परत घातली.

"मग वर तोंड दाखवायला काय झालं होतं याला?" ते पुटपुटले. "याला झोका टांगायचा, तर आमच्या नातवंडांची पोरं यायला हवीत. तोवर याला राखायला कुणीतरी हवंच की. ए केसरची माय, ती भांडी पोत्यातून बाहेर काढ! आणि माझ्या शेळ्या इथं दिसल्या, तर मला सांग. बघतो एकेकीला."

मायने केसरला उचलून उराशी धरलं. बायकांनी गाणं सुरू केलं.

परी केसरच्या खांद्यावर येऊन बसली. "आता मी खाली राहायला जाते. तिथं गार आहे आणि वाळवी नाही," ती म्हणाली. "वर हजार पानं आली, की परत येईन."

"मावशी, मी तुला फार त्रास दिला ना?"

"फार," परी म्हणाली, आणि तिने केसरच्या ओरबाडलेल्या बोटांची पापी घेतली. ओरखडे लगेच भरून आले. परीचं अंग उजळत गेलं, तांबूस, मग सोनेरी, मग पांढरंशुभ्र. एवढासा तेजाचा ठिपका होऊन ती मुळावरून घसरगुंडीसारखी खाली खाली गेली. तळाचा थेंब एकदा लख्खकन चमकला आणि माती पुन्हा माती झाली.

पुढे दर उन्हाळ्यात रोपाची काडी वाळायची, आणि दर उन्हाळ्यात नथूबाबा धापा टाकत टेकडी चढून यायचे.

"मेलं का गं ते?" ते काळजीने विचारायचे.

"हळू बोला, बाबा," केसर ओठावर बोट ठेवून सांगायची. "ते कामात आहे."