भिवरेचा तळहात

सावरघोळच्या माळावर धनगरांची सटवाई आहे. देऊळ असे नाही. बाभळीखाली शेंदूर फासलेला एक दगड. गुरवांच्या घरातले म्हातारे रंगोबा आल्यागेल्याला तो दाखवतात आणि मग भिवरेची हकिकत सांगतात.

फार मागची गोष्ट. भिवरा ही इथल्या धुळा धनगराची बायको. तिची दोन लेकरे पाळण्यातच गेली. "कपाळावर तेवढंच लिहिलं होतं गं," असे म्हणून शेजारणींनी तिची समजूत घातली. बाळ जन्मले की सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, हे भिवरेलाही ठाऊक होते. म्हणून पुढे ठकू झाली, तेव्हा सहाव्या रात्री तिने लेकीच्या कपाळावर आपला तळहात दाबून धरला तो उजाडेपर्यंत उचलला नाही. सटवाई आली, उभी राहिली आणि न लिहिताच परत गेली, असे सांगतात.

ठकू जगली. ताप नाही, खोकला नाही. पण ती रडत नसे की हसत नसे. दूध पाजले तर पिई, नाही पाजले तर मागत नसे. चालायला लागली तरी आईच्या हाकेला मान वळवीत नसे. एकदा एडक्याने भिवरेला धडक दिली. ती रक्तबंबाळ होऊन पडली, तशी वस्तीवरची सगळी पोरे ओरडत धावली. ठकू तेवढी जागची हलली नाही. दगडाकडे बघावे तशी आईकडे बघत राहिली.

जखमेपेक्षा भिवरेला तेच सोसवेना. लेकीला कडेवर घेऊन ती माळावर आली. बाभळीखाली एक म्हातारी बसली होती म्हणे. भिवरेने तिला ओळखले.

"माय, तुझा हात मी अडवला. आता लिही."

"थोडंच निघालं तर?" म्हातारीने विचारले.

"किती, ते आधी सांग."

"मी लिहिते, बाई. वाचता मलाही येत नाही."

भिवरेने लेकीचे कपाळ तिच्यापुढे केले. म्हणाली, "लिही. पण लेकीला मला वळखू दे."

म्हातारीने नखाने कपाळावर लिहिले. ठकूने टाहो फोडला, आईच्या गळ्याला मिठी मारली आणि जन्मात पहिल्यांदा "आये" म्हणाली.

तो उन्हाळाभर ठकू हसली, रुसली, कोकरांमागे धावली. पाऊस तोंडावर आला आणि ती तापाने गेली.

धुळा पहार घेऊन सटवाईचा दगड फोडायला निघाला. भिवरा त्याला आडवी झाली. "तिनं मला हाक मारली," एवढेच ती म्हणाली. धुळा पहार टाकून खाली बसला.

आजही सावरघोळची बाळंतीण सहाव्या दिवशी तान्ह्याला घेऊन इथे येते आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून बसते. हात काढ, असे तिला कुणी म्हणायचे नसते. नवऱ्याने नाही, सासूनेही नाही. जिचे आधीचे लेकरू गेलेले असते, तिला फार वेळ लागतो. तोवर सगळी माणसे उन्हात उभी राहतात.