टेकडीच्या पोटातली जागा

त्या मुलखातले सगळे धान्य एका टेकडीच्या पोटात ठेवलेले असे. वर राहणारे प्राणी टेकडीवरच्या एखाद्या तोंडाशी येऊन हाक मारत, आणि खालून दाणे वर येत. ते कसे येतात, हे कोणी विचारत नसे. दाणे यायला उशीर झाला, तरच खाली कोणीतरी राबते आहे याची आठवण होई, आणि तीही शिव्या देण्यापुरती.

खाली राबत त्या घुशी. धान्याची तोंडे मोकळी ठेवायची, चोरवाटा बुजवायच्या आणि वाऱ्याची तोंडे कधी बंद पडू द्यायची नाहीत, हे त्यांचे काम. वारा थांबला की साठलेले धान्य तापते आणि सडते. वर्षातून एकदा, अगदी खालच्या ओळीतली एकच जागा बाहेरच्या कोणाला तरी मिळे. तुंबी नावाच्या चिचुंद्रीला ती हवी होती.

चिचुंद्रीला तिच्या वासामुळे कोणी दारात उभे करत नसे. तुंबी खळ्यावर कोंडा उपसून जगत होती. यंदा जागा हुकली तर मरेपर्यंत कोंडाच उपसावा लागेल, या भीतीने तिच्या मनात घर केले होते. घुशींकडे शिकायला जावे, तर त्यांना मान वर करायला फुरसत नाही. जुन्या घुशींनी पानांवर काही नोंदी ओरखडून ठेवल्या होत्या खऱ्या, पण ज्याला आधीच सगळे येते त्यालाच कळाव्यात अशा. तुंबीने एकेक पान दहादहा वेळा वाचले, डोके धरून बसली, आणि शेवटी ठरवले की आपलीच एक टेकडी बांधायची.

घुशींनी टाकून दिलेली ढेकळे तिने ओढून आणली आणि एका पळसाखाली टेकडी रचली. ती सात वेळा ढासळली. आठव्यांदा उभी राहिली, तेव्हा शेजारच्या मुंग्यांनी विश्वासाने आपले दाणे तिच्यात ठेवले. तुंबीला वाटले, जमले आपल्याला.

मग एके दिवशी उंदरांचा सुळसुळाट झाल्याची आवई उठली. तुंबीने बाहेरून सगळी तोंडे घट्ट लिंपून टाकली आणि समाधानाने मागे सरकून पाहिले. तेव्हा तिच्या ध्यानात आले की तिची स्वतःची आत जायची वाटही त्यातच बुजली आहे, आणि वाऱ्याची तोंडेही. माती तोवर वाळली होती. उकरून आत शिरेपर्यंत अर्धी टेकडी खाली बसली आणि दाणे नासले. घुशींप्रमाणेच अडीअडचणीसाठी तिने दगडाआड दुसरी कोठी भरून ठेवली होती; पण भरल्यापासून ती एकदाही उघडली नव्हती. उघडली, तर आत नुसती बुरशी.

तुंबी पोटभर रडली. मग मुंग्यांकडे जाऊन तिने घडले तसे सांगितले. मुंग्यांनी ऐकून घेतले आणि रांग धरून त्या निघून गेल्या. त्यानंतर तिने टेकडी पुन्हा उभारली, आणि दर आठवड्याला दुसरी कोठी उघडून दाणा चावून बघायची तिला सवय लागली.

निवडीच्या दिवशी त्याच जागेसाठी एक पोपटही आला होता. टेकडीच्या एकशे चाळीस तोंडांची नावे त्याने उलटसुलट म्हणून दाखवली. तुंबीला त्यातली निम्मीही आठवली नाहीत. मग थोरल्या घुशीने दोघांना तीनतीन तोंडे दिवसभर सांभाळायला दिली.

दुपारी तुंबीच्या बोळात धामणीचा वास आला. तिची पाचावर धारण बसली, आणि घाईघाईने तिने जे तोंड बुजवले ते नेमके वाऱ्याचे निघाले. धामण बाहेरूनच निघून गेली, पण आत दाणे तापू लागले. कोणी पाहिले नव्हते. मुकाट्याने उकरले असते, तर कदाचित कोणाला कळलेही नसते. तुंबीच्या डोळ्यांपुढे कोंड्याचा ढीग उभा राहिला. तरी ती ओरडली.

“मावशी, वाऱ्याचं तोंड बुजलंय! मीच बुजवलं, चुकून. दाणे तापायला लागलेत. वरच्यांना दुसऱ्या कोठीतून द्या, पण आधी दाणा चावून बघा!”

घुशी धावल्या. कोठी उघडली, दाणे चावून पाहिले आणि वर सोडले. तुंबीने तोंड उकरले. वारा आला, पण त्या धांदलीत आजूबाजूची भिंतही तिने पाडली. वर एका सशाने हाक मारली, दाणे घेतले आणि तो आपल्या वाटेने गेला. पोपट आपल्या तोंडांशी स्वच्छ पंखांनी उभा होता.

“जाते मी, मावशी,” तुंबी मान खाली घालून म्हणाली.

“कुठं?” थोरल्या घुशीने विचारले, आणि तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा ठेवला. “कडा आधी लिंप, मग मधलं. आणि उद्या सकाळी लवकर ये.”

तुंबी लिंपायला बसली. थोरली घूस शेजारच्या बोळात जाऊन बसली. तिच्याही हातात मातीचा गोळा होता. तिथली भिंत तिने आदल्या दिवशी स्वतःच चुकून पाडली होती.