म्हशीच्या कानापर्यंत

त्या राज्यात तळं म्हशींच्या मालकीचं होतं आणि म्हशींचे कान उंचावर होते. जमिनीलगत राहणाऱ्यांना म्हशींना काही सांगायचं झालं, तर ते बगळ्यांमार्फत सांगावं लागे, कारण बगळे म्हशींच्या पाठीवर बसत. हा नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मोडणारा मात्र आगाऊ ठरे.

तळ्याकाठच्या बाभळीखाली बगळ्यांची बैठक भरत असे. ज्याला काही नवं सुचलं असेल त्याने तिथे यावं आणि आपली युक्ती सांगावी. बगळे ती म्हशींच्या कानावर घालतील, आणि म्हशींनी ती वापरायला घेतली की युक्तीवाला मागेल ते त्याला मिळेल, असा रिवाज होता. बगळे पांढरेशुभ्र होते, हळू बोलत आणि समोरच्याचं ऐकताना डोळे मिटून घेत. एवढ्यावर त्यांचा मोठा मान होता.

तळ्याच्या बांधात एक चिचुंद्री राहत असे. तिला जेमतेम दिसे, आणि अंगाला वास येई म्हणून शेजारीपाजारी तिला टाळत. म्हशींच्या अंगावर गोचीड फार. खाज असह्य झाली की त्या बांधाला अंग घासत, बांध ढासळे आणि आतली बिळं बुजून जात. चिचुंद्रीचं एक वेत असंच मातीखाली गेलं होतं. दुसरं झालं तेव्हा तिने मनाशी ठरवलं, ही पिल्लं मातीला द्यायची नाहीत.

तिने नाना झाडांचा पाला चघळून पाहिला, साली कुरतडून पाहिल्या. आजारी पडली, उठली, पुन्हा कुरतडायला लागली. शेवटी तिला सापडलं. सीताफळाच्या बिया कुटून ती पूड चिखलात कालवली आणि तो चिखल अंगाला फासला, की गोचीड गळून पडतात. काठावर झोपलेल्या एका रेडकाच्या पायाला तिने तो लावून पाहिला, तर संध्याकाळी ते पाय न झाडता शांतपणे चरत होतं. आनंदाच्या भरात चिचुंद्रीने पिल्लांना एकामागे एक शेपट्या धरायला लावल्या आणि ती वरात उगाचच बिळाभोवती फिरवून आणली. या युक्तीच्या बदल्यात तिला एवढंच मागायचं होतं, की म्हशींनी तो बांध कायमचा सोडावा.

"मग बाभळीखाली कशाला जातेस?" शेजारचा खेकडा म्हणाला. "थेट म्हशीलाच सांग की."

"माझा आवाज तो केवढा, खेकडेभाऊ! आणि माझ्या अंगाचा वास तुम्हाला काय सांगायला हवा? बगळ्यांच्या तोंडून गेलेलं बरं दिसतं."

"तुझं तू बघ बाई," असं म्हणून खेकडा आडवा निघून गेला.

थोरल्या बगळ्याने डोळे मिटून सगळं ऐकलं. "वा, चिचुंद्रीबाई! अशी युक्ती या बाभळीखाली आजवर आली नव्हती." हे तो प्रत्येकालाच म्हणे, पण प्रत्येकाला ते पहिल्यांदाच ऐकायला मिळत असे. मग त्याने अटी सांगितल्या. युक्ती पुरती सांगायची, हातचं काही राखायचं नाही. म्हशींना दाखवायला कुटलेली पूड आणून द्यायची. बगळ्यांच्या खटपटीपोटी रोज अळ्या आणायच्या. आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कोणापाशी, खुद्द म्हशींपाशीसुद्धा, चकार शब्द काढायचा नाही.

चिचुंद्रीने शपथ घेतली. घरी पोरं उपाशी आणि तोंडात बगळ्यांसाठी अळ्या, अशी ती रोज बाभळीची वाट तुडवू लागली.

"म्हशी विचार करताहेत," बगळा सांगे. पुढे म्हणाला, "थोरल्या म्हशीला पूड जरा जाडी वाटली." चिचुंद्रीने ती आणखी बारीक कुटली, पुढचे पाय सोलवटेपर्यंत कुटली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे पीठ कोण खातंय तेही कळायला मार्ग नव्हता. तिच्या पुढे रांगेत एक म्हातारा बेडूक होता. कित्येक पावसाळ्यांपूर्वी तो आपली युक्ती देऊन बसला होता आणि अजूनही "आता होईल, माझं आता होईल" म्हणत होता. कोणी शंका काढली की बेडूकच बगळ्यांची बाजू घेऊन भांडे. अशा रांगेला काय म्हणावं! संतापाने कानशिलं तापावीत, अशी ती रांग होती.

एका दुपारी चिचुंद्री रांगेत उभी असतानाच एका म्हशीने खाजेने बेभान होऊन बांधाला अंग घासलं आणि बांध खचला. चिचुंद्री परतली ती थेट मातीच्या ढिगाशी. तिने नाकाने माग काढत उकरलं. पिल्लं रांगेतच सापडली, एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरलेली. आईला शोधायला निघाली असावीत. त्यातलं सगळ्यात मागचं तेवढं धुगधुगत होतं. खेकड्याने ते उचलून आपल्या बिळाशी ओलाव्यात ठेवलं.

चिचुंद्री शपथ मोडून तळ्याकडे निघाली. ऊन रणरणत होतं आणि म्हशी चिखलात लोळत पडल्या होत्या. चाचपडत चालताना तिच्या मिशांना काहीतरी ऊबदार, केसाळ लागलं. ते फडफडलं. तो थोरल्या म्हशीचा कान होता. लोळणाऱ्या म्हशीचा कान जमिनीला टेकतो. रोज दुपारी टेकतो. जमिनीलगत जन्म काढणाऱ्यांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, कारण दुपारी सगळे बाभळीखाली रांगेत असत.

"माझी पिल्लं मेली," चिचुंद्रीने त्या कानात सांगितलं. मग बाकीचं सगळं सांगितलं.

म्हैस डोळे उघडून ऐकत होती. "अगं बये, माझं रेडकू गोचिडांनी वाळून चाललंय. असं औषध होतं, तर कोणी सांगितलं का नाही?"

"बगळे नाही बोलले?"

"बगळे?" म्हैस म्हणाली. "ते बोलतात होय? जन्मभर पाठीवर बसलेत, पण त्यांचा आवाज काही मी ऐकला नाही. जा, असेल तेवढी पूड घेऊन ये. मी इथेच आहे."

चिचुंद्री बाभळीखाली गेली. तिने कुटून दिलेली सगळी पूड खोडामागे ढिगाने पडली होती, बुरसलेली, वर बगळ्यांची विष्ठा पडलेली. समोर रांग तशीच होती. एक तरुण कासव मान बाहेर काढून मोठ्या भक्तिभावाने शपथ घेत होतं, "दुसऱ्या कोणापाशी चकार शब्द काढणार नाही." थोरला बगळा डोळे मिटून ऐकत होता.

वर फांद्यांमधल्या घरट्यांतून पिल्लांचा कलकलाट चालला होता. त्यातल्या एकाच्या चोचीतून घास निसटला आणि बगळ्याच्या पुढ्यात टपकन पडला. चिचुंद्रीला तो दिसला नाही, पण वासावरून कळला. रक्ताने टरारून फुगलेला गोचीड होता.

बगळ्याने डोळे उघडले आणि सावकाश, अगदी सभ्यपणे, त्यावर पाय ठेवला.

"पुढचे कोण?" त्याने विचारलं.

"पाय उचल," चिचुंद्री म्हणाली.

बगळ्याने पाय उचलला नाही. उलट अधिकच दाबून धरला. सगळी रांग त्या पायाकडे पाहत होती, आणि बगळ्याच्या बोटांमधून म्हशीचं रक्त हळूहळू बाहेर येत होतं.